बक्षिसी आणि हक्क

आमच्या घरात पैशांचे दोन डबे होते. एक पितळी, वरच्या फळीवर ठेवलेला. दुसरा बिस्किटांचा पत्र्याचा, खाली, अम्मीच्या हाताशी. पितळी डब्यात अब्बांचा पगार यायचा, महिन्यातून एकदा. पत्र्याच्या डब्यात रोज रात्री त्यांच्या खिशातली नाणी पडायची. पाच पैसे, दहा पैसे, एखाद्या दिवशी चार आणे. अब्बा परळच्या एका हॉटेलात वेटर होते. खोलीचं भाडं आणि वाण्याची उधारी पितळी डब्यातून भागायची. दूध, भाजी, आमच्या वह्या, औषधपाणी, आलागेला हे सगळं पत्र्याच्या डब्यावर. कोणी वर्षाचा हिशेब मांडला असता, तर पत्र्याचा डबाच जड निघाला असता.

हॉटेलच्या शेठला हे ठाऊक होतं. पगारवाढीचा विषय निघाला की तो म्हणायचा, "वरचे मिळतात ना?" या एका वाक्यावर त्याने कित्येक वर्षं पगारवाढ टाळली. गिऱ्हाइकाने खुशीने ठेवलेलं नाणं शेठच्या हिशेबात पगाराच्या रकान्यात जमा होत होतं.

बक्षीस आणि हक्क हे दोन्ही शब्द मराठीत बाहेरून आले आणि इथलेच होऊन गेले. बक्षीस फारसीतून आला, हक्क अरबीतून. फारसीत 'बख्शीदन' या क्रियापदात देणंही आहे आणि माफ करणंही. म्हणजे त्यात देणाऱ्याची मर्जी आहे. हक्कात मर्जीला जागा नाही. मजुराचा घाम सुकायच्या आत त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आमच्याकडे लहानपणापासून कानावर पडते. ती मजुरीबद्दल आहे, खैरातीबद्दल नाही. खैरात कधी आणि किती द्यायची ते देणाऱ्याने ठरवावं. मजुरीला मात्र मुदत आहे, आणि ती मुदत घाम सुकण्याइतकी छोटी आहे.

आमच्या चाळीत बहुतेक गिरणी कामगार. शेजारचे काका साचाखात्यात होते. पगाराच्या दिवशी ते आपलं पगारपत्रक अब्बांना दाखवत. मूळ पगार, महागाई भत्ता, प्रॉव्हिडंट फंड अशी प्रत्येक रकमेला आपापली जागा. अब्बांना वाचता थोडंच येई, पण ते तो कागद बराच वेळ हातात धरून बसत. त्यांना स्वतःला कधी असा कागद मिळाला नव्हता. त्यांचा पगार गल्ल्यावरून, मोजून, हातात पडायचा. दिवाळीत गिरण्यांचा बोनस झाला की आमचा पत्र्याचा डबाही आठवडाभर वाजायचा. काकांच्या हक्कातून आमच्याकडे बक्षिसी यायची.

पण काकांचा तो बोनसही मुळात हक्क नव्हता, हे मला फार पुढे वाचनातून कळलं. पहिल्या महायुद्धाच्या महागाईत मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना पगारावर काही जास्त रक्कम द्यायला सुरुवात केली. युद्धानंतर काही वर्षं एका महिन्याच्या पगाराइतका बोनस मिळाला. १९२३ चा बोनस मालकांनी नाकारला आणि १९२४ च्या आरंभी दीड लाखांवर कामगार संपावर गेले. सरकारने मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाऊड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बोनसवर कामगारांचा कसलाही दावा पोचत नाही, असा समितीचा निर्वाह झाला. मालकांनी दिला तर दिला. म्हणजे बक्षिसीच! संप मोडला, कामगार हात हलवत परतले.

पण मागणी मेली नाही. ती कोर्टांतून, लवादांतून, संपांतून पुढे जात राहिली, आणि १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला. कायद्यातला किमान बोनस आधी चार टक्के होता, पुढे तो ८.३३ टक्के झाला. हा आकडा विचित्र वाटतो खरा, पण हिशेब साधा आहे. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एका महिन्याचा पगार. १९२४ मध्ये ज्याला "तुमचा दावा नाही" म्हटलं गेलं, नेमकं तेवढंच माप पुढे कायद्यात येऊन बसलं. ग्रॅच्युइटीचंही तसंच. या इंग्रजी शब्दाचा एक अर्थ चक्क टीप असा आहे. निवृत्तीच्या वेळी मालकाने खुशीने द्यायची ती रक्कम. १९७२ च्या कायद्याने तिचाही हक्क केला. पाच वर्षं नोकरी झाली असेल तर दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार.

मग हॉटेलातल्या माणसालाच हे का लाभलं नाही? गिरणीत एका छपराखाली हजारो माणसं असत. हॉटेलात दहा-बारा, तीही एकमेकांच्या गावची, बरेचदा मालकाच्याच ओळखीने आलेली. रात्री बाकं जोडून तिथेच झोपायचं, तिथेच जेवायचं. ज्याच्या छपराखाली झोपायचं त्याच्याकडे हक्क कसा मागणार? त्यात कायद्यांना आकड्यांची वेस आहे. बोनसच्या कायद्याला वीस माणसं लागतात, ग्रॅच्युइटीला दहा. अब्बांच्या हॉटेलात राबणारे हात पुष्कळ होते, पण रजिस्टरवर माणसं आठच. अब्बा थकले तेव्हा शेठने त्यांना एक धोतरजोडी आणि पाचशे एक रुपये दिले. अब्बांनी सलाम करून ते घेतले. तीस वर्षांच्या नोकरीचा शेवटही बक्षिसीनेच झाला.

त्याआधी १९८२ साल येऊन गेलं होतं. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार गिरण्यांबाहेर आले. भोंगे थांबले. पहिल्या पाळीचा चहा थांबला, तिसऱ्या पाळीची भजी थांबली. आमचे काका गावी निघून गेले. पितळी डब्यात काही महिने पगार येत राहिला, पण पत्र्याचा डबा पहिल्याच पंधरवड्यात रिकामा झाला. टिपेवर चालणारं घर किती पातळ बर्फ... नव्हे, किती कच्च्या भिंतीवर उभं असतं, ते तेव्हा कळलं. आजारपणात पगार अर्धा तरी मिळेल, टीप मिळत नाही. टिपेवर फंड कापला जात नाही, बोनस मोजला जात नाही, म्हातारपणी तिचा एक पैसा उभा राहत नाही.

कायद्याने टिपेकडे पाहिलंच नाही असं नाही. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये सांगितलं की टिपेचा पैसा गिऱ्हाइकाच्या खिशातला आहे. तो वाटल्याने मालकाने स्वतःच्या पदरचं काही दिलं असं होत नाही. अब्बांच्या शेठच्या "वरचे मिळतात ना?"ला याहून सरळ उत्तर नाही. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने कार्डावरून आलेल्या टिपेबद्दल म्हटलं की ती पगार नव्हे, म्हणून मालकाने तिच्यावर पगारासारखा आयकर कापण्याचं कारण नाही. दोन्ही निकाल न्याय्यच आहेत. पण टीप म्हणजे पगार नाही, हे एकदा ठरलं की उरलेला प्रश्न आपोआप समोर येतो : मग पगार कुठे आहे?

आज लोअर परळला जुन्या गिरण्यांच्या आवारांत झगमगीत रेस्टॉरंटं आहेत. तिथल्या बिलांवर सर्व्हिस चार्ज लागे, त्यावरून बरीच भांडणं झाली. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप लावायला मनाई केली. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २८ मार्च २०२५ ला त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या. ग्राहकाच्या बाजूने हे योग्यच झालं. पण या वादात ग्राहक बोलला, मालक बोलला. ज्याच्या नावाने तो चार्ज लागत होता, त्याचा आवाज फारसा ऐकू आला नाही. दुसरीकडे गिरगाव-दादरच्या साध्या हॉटेलांतही आता फोनवरून पैसे जातात. चारशे बासष्ट म्हणजे चारशे बासष्टच. सुटे परत येत नाहीत, त्यामुळे बडीशेपेच्या बशीत काही मागे राहत नाही. यात गिऱ्हाइकाचा दोष नाही. पण एक जुनी मिळकत कोणी न ठरवता आटत चालली आहे. आणि आत मोरीवर भांडी घासणाऱ्याच्या वाट्याला तर ती बशी पूर्वीही क्वचितच आली.

परदेशात सगळं आलबेल आहे असं नाही. अमेरिकेत टीप मिळवणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंटच आहे. बाकीचं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर, आणि तेही कमी पडलं तरच मालकाने भर घालायची. आमच्या शेठचं वाक्य तिथे कायद्यातच लिहून ठेवलं आहे म्हणा ना. ब्रिटनने मात्र १ ऑक्टोबर २०२४ पासून टिपेची पूर्ण रक्कम कामगारांना वाटणं मालकांवर बंधनकारक केलं. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ ला वेतन संहिता लागू झाली. किमान वेतन आता सगळ्याच नोकऱ्यांना आहे आणि पगारपत्रक देणं मालकाचं कर्तव्य आहे. कागदावर तरी अब्बांना हवा होता तो कागद आला.

कागद हातात पडायला संघटना लागते. विखुरलेली माणसं एकत्र येऊ शकत नाहीत, हे मला पटत नाही. याच गिरणगावात घराघरांतून खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकांचं कर्ज त्यांच्या चुलीपर्यंत पोचवलं. त्या तर हॉटेलातल्या पोरांपेक्षाही एकेकट्या होत्या.

टीप बंद करा, असं मला म्हणायचं नाही. पगार अपुरा असताना ठेवलेली टीप ही बक्षिसी नसते. मालकाने थकवलेल्या मजुरीचा तो एक हप्ता असतो, आणि तो आपण भरत असतो. तोवर जरूर भरावा, रोख भरावा, त्याच्या हातात द्यावा. पण सोबत पगाराचंही विचारावं. पगार पुरा मिळू लागेल त्या दिवशी बशीतल्या दहा रुपयांचा अर्थ एवढाच उरेल, की आजचा चहा चांगला झाला होता.