गंज लागू नये म्हणून

‘बुद्धी गंजली’, ‘हात गंजले’, ‘बसून बसून माणूस गंजतो’ असे आपण किती सहज बोलून जातो! परंतु ज्यांचे पोट लोखंडावर आहे, त्यांना हा शब्द केवळ अलंकार म्हणून वापरणे परवडत नाही. मी एका सुताराची मुलगी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या खेड्यात पडवीला लागून बाबांची कामाची शेड आहे आणि तिच्यात कर्ज काढून घेतलेले एक रंधा मशीन आहे. त्या मशीनच्या टेबलाविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

हे टेबल बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असते. बीड जड असते आणि कंप जिरवते, त्यामुळे मशीन फारसे थरथरत नाही. शिवाय ते घासून अगदी सपाट करता येते. मशीनच्या अंगाला रंग देता येतो, पण टेबलाच्या पाठीला देता येत नाही, कारण फळी सरकवायची ती तिच्यावरूनच. म्हणजे जो भाग सर्वांत मोलाचा, तोच उघडा! तेथे गंजाचे फोड आले की फळी अडखळत चालते. आणि फिरत्या पात्याजवळ फळी अडखळली तर काय होते, हे ज्याच्या बोटांनी अनुभवले आहे त्याला सांगायला नको.

त्यातून आमची कोकणची हवा! लोखंड गंजायला त्यावर पाऊस पडावाच लागतो असे नाही. हवेतला दमटपणा साधारण ६० टक्क्यांच्या वर गेला तरी पुरे. आमच्याकडे जुलैत तो बहुधा ८० च्याही वर असतो. समुद्रावरचा वारा मीठ घेऊन येतो, त्याने हे काम आणखी वेगाने होते. रात्री थंड झालेल्या जड लोखंडाला सकाळची उबदार हवा लागली की गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम यावा तसा टेबलाला येतो. घामेजला हात टेकला तर तो दुसऱ्या दिवशी तांबडा उमटतो. ओली ऐनाची फळी रात्रभर पडून राहिली तर काळा डाग पडतो. ऐन हा हिरड्याच्याच कुळातला. त्याच्यातला तुरट रस लोखंडाला भेटला की काळे होते. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई होते तीही याच मेळातून. साहित्याच्या विद्यार्थिनीला हे नाते कळले तेव्हा मौज वाटली. बाबांना मात्र त्यात मौज नव्हती.

२०२४ च्या जूनमध्ये माझे कॉलेज सुरू होण्याच्या सुमारास बाबा दुचाकीवरून घसरले आणि त्यांचा पाय मोडला. चार महिने अंथरूण. मशीन बंद, बँकेचा हप्ता मात्र चालू. एक गिऱ्हाईक मशीन पाहून गेले. “चतुर्थीनंतर येतो, तोवर टेबल गंजले तर भंगाराचा भाव देईन,” असे ते आईला तोंडावर सांगून गेले. मशीन गेले असते तर पाठोपाठ माझे कॉलेजही गेले असते, हे घरात कोणी बोलून दाखवले नाही, इतकेच.

मग खाटेवरून बाबा सांगत गेले आणि आई व मी करत गेलो. प्रथम ब्रशने भुसा झाडायचा, कोपऱ्यांतलासुद्धा. कारण भुसा ओल धरून ठेवतो. मग टर्पेंटाईनच्या फडक्याने घामाचे आणि चिकाचे डाग पुसायचे, कोरडे करायचे आणि ग्रीसचा पातळ हात सगळीकडे सारखा फिरवायचा. काम चालू असते तेव्हा ग्रीस किंवा तेल उपयोगाचे नाही. ते फळीला लागते आणि पुढे पॉलिश धरत नाही. तेव्हा मेण चोळायचे आणि कोरड्या फडक्याने घासून काढायचे. त्याने फळीही अलगद सरकते. खोबरेल घरात असले तरी लावायचे नाही; ते खवट होते. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळायचे नाही. आत घाम धरतो. आईने आपले जुने सुती लुगडे वर घातले. टेबलाच्या खाली, कापडापासून दूर, जुना पिवळा दिवा लावून ठेवला. त्याच्या उबेने लोखंड हवेपेक्षा किंचित गरम राहते आणि पाझर सुटत नाही. एलईडीचा दिवा हे काम करत नाही, त्याला तेवढी ऊबच नसते. वीज गेली की दुसऱ्या सकाळी लुगडे उचलून कडा तपासायच्या.

“लोखंड कोरडां ठेवा, मगे तां तुमका पोसतलां,” बाबा म्हणायचे. बाबा चौथी शिकलेले.

दसऱ्याला मशीनची पूजा झाली. काठी टेकत बाबा आले, ग्रीस पुसले आणि टेबलावरून तळहात फिरवला. एका कडेला रुपयाएवढा तांबूस डाग निघाला. तो बारीक पॉलिशपेपरने हलकेच काढला. जास्त घासायचे नाही, कारण प्रत्येक घासण्यात थोडे लोखंड जाते आणि सपाटी बिघडते. गिऱ्हाइकाला मशीन विकायचे नाही म्हणून कळवले. हप्ते अजून चालू आहेत, मीही अजून कॉलेजात आहे.

वर्गात कधी कधी वाटते की लोखंडाचे जग वेगळे आणि पुस्तकांचे वेगळे. परंतु १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगर करण्यासाठी; आणि त्याच कारखान्यातून १९२० साली निघालेल्या वार्तापत्राचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. तेव्हा ही दोन जगे आपण समजतो तितकी दूर नाहीत.

मित्रहो, गंज एका दिवसात हरत नाही आणि कायमचा तर कधीच हरत नाही. रोज संध्याकाळी झाडणे, पुसणे, मेणाचा एक हात देणे, एवढेच आपल्या हाती असते. माझ्या आईबाबांच्या या विद्येला परीक्षा नाही आणि पदवीही नाही. पण तिलाही विद्याच म्हणावे, एवढीच माझी विनंती. मी आता शिकण्यासाठी तालुक्याला राहते. मे महिन्याच्या सुट्टीत घरी गेले की पुस्तके ठेवून पहिले काम टेबल पुसण्याचे. कारण जून कोणासाठी थांबत नाही.