फोंतन्वाचे लाल डगले

तूर्ने शहरातून शेल्ट नदीच्या काठाकाठानं सायकलची वाट आंत्वांगकडं जाते. पाणी संथ, मधूनच एखादं लांबलचक मालवाहू बार्ज, आसपास चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने. मागं वळून पाहिलं की तूर्नेच्या कॅथेड्रलचे पाच मनोरे बराच वेळ दिसत राहतात. १७४५ च्या मे महिन्यात या शहराला फ्रेंचांचा वेढा पडला होता. तो उठवायला ब्रिटिश, हॅनोव्हेरियन, डच आणि ऑस्ट्रियन फौजा ड्यूक ऑफ कंबरलंडच्या हाताखाली चालून आल्या. आंत्वांगचा किल्ला मागं टाकून डावीकडं वळलं की सपाट शेतं लागतात, आणि त्या शेतांत फोंतन्वा.

गाव अगदी लहान. बेल्जियममधल्या कुठल्याही खेड्यात असावीत तशी विटांची घरं आणि एक चर्च. वेगळा आहे तो इथला दगडी क्रूस. मध्यभागी वर्तुळ असलेला हा आयरिश घडणीचा क्रूस १९०७ साली उभारला. त्यावर उल्लेख आहे तो लिमरिकच्या तहाचा. लिमरिक इथून शेकडो मैलांवर, दोन समुद्रांपलीकडं, आयर्लंडच्या पश्चिमेला. लढाई झाली फ्रान्सच्या राजासाठी, बेल्जियमच्या मातीवर, आणि स्मारकावर आठवण आयरिश तहाची! मी इथवर आलो तो या क्रुसासाठीच.

१६९१ मध्ये लिमरिकला इंग्रजांपुढं शस्त्रं ठेवताना आयरिश सेनापती पॅट्रिक सार्सफील्डनं दोन गोष्टी मिळवल्या. मागं राहणाऱ्या कॅथलिकांना धर्माच्या बाबतीत काही सवलती, आणि जाऊ इच्छिणाऱ्या शिपायांना फ्रान्सला जाण्याची मुभा. सुमारे १४,००० शिपाई गेले. बायकामुलंही निघाली होती, पण कित्येकजणी कॉर्कच्या धक्क्यावरच मागं राहिल्या. पहिलं वचन इंग्रजांनी लवकरच मोडलं. कॅथलिकांना जमीन विकत घेण्यावर, शस्त्र बाळगण्यावर, शाळा चालवण्यावर बंदी आली. घरी राहून शिपाईगिरी करण्याची वाटच बंद झाल्यामुळं पुढची कित्येक वर्षं आयरिश तरुण चोरून जहाजांवर चढत राहिले. त्यांना ‘रानहंस’ म्हणत.

फ्रान्सला अशी माणसं हवीच होती. अठराव्या शतकातल्या फ्रेंच सैन्यात स्विस, जर्मन, इटालियन, हंगेरियन, आयरिश अशा परक्या पलटणी कायमच्या होत्या. स्विसांशी तर त्यांच्या कँटन्सचे रीतसर करार असत. पगार जास्त, आणि गुन्हा घडला तर न्यायनिवाडा त्यांचे स्वतःचे अधिकारी करत. यामागचा व्यवहार मार्शल मॉरिस द साक्सच्या नावावर सांगितला जातो: एक जर्मन शिपाई भरती केला की आपला एक माणूस शेतावर राहतो, शत्रूचा एक कमी होतो आणि आपल्याकडं एक वाढतो. हा साक्स स्वतः जर्मन, सॅक्सनीच्या इलेक्टरचा अनौरस मुलगा. फोंतन्वाला फ्रेंच फौजेचा सेनापती तोच होता, आणि जलोदरानं इतका खंगलेला की वेताच्या हलक्या गाडीत बसून त्यानं लढाई चालवली.

गावाच्या कडेला उभं राहिलं की त्यानं जागा कशी निवडली ते कळतं. एका हाताला आंत्वांग, मधे फोंतन्वा, दुसऱ्या हाताला तेव्हाचं बारीचं रान. गावात आणि रानाच्या टोकाशी तोफांचे मोर्चे. डचांचा हल्ला मोडला. पण ब्रिटिश आणि हॅनोव्हेरियन पायदळ गाव आणि रान यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून शिस्तीनं पुढं आलं आणि फ्रेंच रांग फोडून आत घुसलं. घोडदळाचे हल्ले त्या गोळाबारीपुढं टिकेनात. पंधरावा लुई आणि त्याचा मुलगा जवळच होते. त्यांना मागं न्यावं अशी भाषा सुरू झाली.

तेव्हा रानाच्या बाजूनं आयरिश ब्रिगेड पुढं आली. क्लेअर, डिलन, बल्कली, रॉथ, बेरिक आणि लॅली अशा तिच्या सहा पलटणी, आणि सेनापती लॉर्ड क्लेअर, चार्ल्स ओ’ब्रायन. ‘लिमरिक आठवा’ अशी आरोळी त्यांनी दिली असं परंपरा सांगते. त्यांचे डगले लाल होते. आपला खरा राजा इंग्लंडच्या गादीवरून पदच्युत झालेल्या जेम्सच्या घराण्यातला, असं मानून त्यांनी तो रंग कधी सोडला नाही. समोरचे इंग्रजही लालच. गोंधळ इतका की फ्रेंच घोडेस्वारांनी आयरिशांनाच इंग्रज समजून काहींना कापलं, अशी नोंद व्होल्तेरनं केली आहे.

विजय एकट्या आयरिशांनी मिळवला हे मला पटत नाही. समोरून डागलेल्या तोफांचा, नॉर्मंडी पलटणीचा आणि राजाच्या खाशा घोडदळाचा वाटा मोठा आहे. पण त्या क्षणी पुढं जाण्याची किंमत आयरिशांनी भरभरून मोजली. कर्नल जेम्स डिलन आपल्या पलटणीपुढं चालताना पडला. आणि हाती काय आलं? तूर्ने पडलं, फ्रान्सनं जवळजवळ सगळा ऑस्ट्रियन नेदरलंड्स जिंकला, आणि १७४८ च्या तहात लुईनं तो सगळा परत देऊन टाकला. आयर्लंडमधले कायदे होते तसेच राहिले. क्रुसापुढं उभं राहून हे आठवलं की राग येतो.

मराठी माणसाला इथं अगदी परकं वाटायचं कारण नाही. या रणात लढलेला कर्नल लॅली पुढं १७५८ मध्ये आपली पलटण घेऊन पाँडिचेरीला उतरला. फ्रेंच सेनानी बुसीला दख्खनमधून परत बोलावणारा तो हाच. १७६० मध्ये वांदिवॉशला त्याला हरवणारा आयर कूट लिमरिक परगण्यातला, म्हणजे तोही आयरिश, फक्त दुसऱ्या बाजूचा. पाँडिचेरी पडलं जानेवारी १७६१ मध्ये, पानिपतच्याच आठवड्यात. बुसीच्या हाताखाली कवायत शिकलेला इब्राहिमखान गारदी त्या आठवड्यात भाऊसाहेबांच्या बाजूनं लढला. लॅलीवर फ्रान्सनं देशद्रोहाचा ठपका ठेवला आणि १७६६ मध्ये पॅरिसमध्ये त्याचा शिरच्छेद केला. व्होल्तेर त्याच्यासाठी झगडला. तो निकाल रद्द झाला, पण बारा वर्षांनी.

दुसरा धागा जास्त जवळचा आहे. सॅव्हॉयचा एक तरुण १७६८ मध्ये फ्रेंच सैन्यात शिरला तो क्लेअरच्याच पलटणीत. सॅव्हॉय तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं, म्हणजे परक्यांच्या पलटणीत आणखी एक परका. हा बेन्वा द बॉइन. पुढं महादजी शिंद्यांनी त्याला चाकरीत घेतलं, आणि त्याच्या कंपूनं १७९० मध्ये पाटण आणि मेडता, १७९३ मध्ये लाखेरी जिंकली. महादजींच्या पायदळाच्या शिस्तीला फोंतन्वावर लढलेल्या पलटणीचा वारसा आहे, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सांगायला हवं.

१७९१ मध्ये क्रांतिकारकांनी परक्या पलटणींची नावं काढून त्यांना क्रमांक दिले. डिलनची पलटण ८७ वी झाली. फोंतन्वावर पडलेल्या कर्नलचा पुतण्या जनरल आर्थर डिलन याला त्याच फ्रान्सनं १७९४ च्या एप्रिलमध्ये गिलोटिनवर चढवलं.

ब्रसेल्सला जाणारे आपले पर्यटक वॉटर्लूचा सिंह बघून परततात. एक दिवस जास्तीचा ठेवा. तूर्नेला रेल्वेनं तासाभरात पोचता येतं, फोंतन्वा तिथून सायकलच्या टप्प्यात आहे. कब्रस्तानाच्या भिंतीवर आयरिशांच्या नावाचा एक फलक आहे, तोही न चुकता वाचा.