कायमचा पत्ता

बदलीच्या नोकरीत माणसाला दोन पत्ते असतात. एक सध्याचा आणि दुसरा कायमचा. सरकारी कागदावर दोहोंसाठी स्वतंत्र रकाने असतात. पहिल्या रकान्यात कितीही खाडाखोड झाली, तरी दुसऱ्यातील अक्षर सहसा हलत नाही. आमच्या दुसऱ्या रकान्यात सातारा जिल्ह्यातील एक खेडे होते. यंदा सर्व भाऊबंदांच्या संमतीने तेथील घर विकले गेले. व्यवहार सामोपचाराने झाला, कोणाचे मन दुखावले नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत गाडीची तिकिटे काढण्याचे कारण मात्र संपले. "मग बाबा, आता आपलं गाव कोणतं?" असे मुलांनी विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते. सौभाग्यवतींनी दशम्यांचा डबा भरला आणि आम्ही सहकुटुंब जबलपूरचा परिसर पाहावयास निघालो. जबलपुरास येणाऱ्या पाहुण्यांना धुवांधार आणि संगमरवरी खडक तेवढे पुरतात. आम्हांला या खेपेस त्याहून जुने काही हवे होते.

प्रथम गढा. आज शहराच्या पोटात गेलेली ही वस्ती एके काळी गोंड राजांची राजधानी होती. टेकडीवरचा मदनमहाल पाहून चिरंजीव अंमळ हिरमुसले. एका प्रचंड शिळेवर बसविलेली ती आटोपशीर वास्तू महालापेक्षा टेहळणीची चौकीच अधिक वाटते. पण राणी दुर्गावतीची कथा ऐकताना त्यांचे डोळे मोठे झाले. दुर्गावती चंदेल राजकुळातील. गोंड राजा संग्रामशाहाच्या दलपतशाह या पुत्राला ती दिली होती. पतीच्या निधनानंतर अल्पवयीन वीरनारायणाच्या नावाने तिने राज्य सांभाळले. १५६४ साली अकबराचा सरदार आसफखान चालून आला तेव्हा ती स्वतः रणांगणात उतरली, आणि जखमी झाल्यावर शत्रूच्या हाती न लागता तिने आपल्याच हाताने प्राण दिला. जी भूमी तिने अखेरपर्यंत सोडली नाही, ती तिच्या माहेरची नव्हती.

गढ्याहून भेडाघाटाच्या वाटेवर तेवर लागते. हीच कलचुरींची त्रिपुरी. १९३९ साली सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन जबलपूरनजीक भरले ते त्रिपुरीच्याच नावाने. शहरातील कमानिया दरवाजा त्याची आठवण म्हणून उभा आहे. आम्हांला मात्र आठवला तो राजशेखर. दहाव्या शतकातील हा कवी आधी कनोजच्या दरबारी होता, पुढे तो त्रिपुरीच्या युवराजदेवाच्या आश्रयास आला. त्याचा पणजा अकालजलद हा 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणून ओळखला जाई. म्हणजे आपल्यासारख्या बदलीवरच्या माणसांची परंपरा निदान हजार वर्षांची आहे! पुढे या कलचुरींचे विखुरलेले शिलालेख आणि ताम्रपट एकत्र संपादून १९५५ साली ज्यांनी त्यांचा इतिहास सुसंगत लावला, ते महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशीही तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यात जन्मून नागपुरास स्थायिक झालेले.

दुपारी भेडाघाटी पोहोचलो. शंभराहून अधिक पायऱ्या चढल्यावर चौसष्ट योगिनींचे गोलाकार आवार लागते. नाव चौसष्टांचे, पण भोवतीच्या ओवरीत कोनाडे ऐंशीहून अधिक. बहुतेक मूर्ती भग्न आहेत, तरी पीठांवर कोरलेली नावे अनेक ठिकाणी शाबूत आहेत. मधोमध गौरीशंकराचे देऊळ. तेथे सावलीत बसून आम्ही मुलांना अल्हणदेवीची हकीकत सांगितली. ही मेवाडच्या गुहिल राजाची कन्या, कलचुरी गयाकर्णाची राणी. मुलगा नरसिंह गादीवर असताना, ११५५ साली, तिने शिवमंदिर आणि त्यासोबत मठ व व्याख्यानशाला बांधली, असे भेडाघाटास सापडलेला शिलालेख सांगतो. तो लेख एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील न्यू हेवनच्या प्राच्यविद्या संस्थेकडे गेला. दगडाचीही बदली झाली म्हणायची!

"मग तिचं गाव मेवाड की हे?" कन्येने विचारले. आम्ही इतिहासाच्या आधारे काही बोलणार, तोच सौभाग्यवती म्हणाल्या, "अगं, जिथं तिनं शाळा बांधली ते." दशमीचा घास आमच्या हातातच राहिला.

परतताना हे वाक्य मनातून हलेना. १७८१ साली गढामंडल्याचे राज्य सागरच्या मराठ्यांकडे आले, १७९८ मध्ये ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ च्या अखेरीस जबलपूर इंग्रजांनी घेतले. पुढे १८६१ पासून १९५६ पर्यंत या शहराचा कारभार नागपूर राजधानीतूनच चाले. म्हणजे मराठी माणसाने येथे दीर्घ काळ अंमल केला, कचेऱ्या चालविल्या, सही-शिक्के केले. पण मुलांचे बोट धरून दाखवावे असे त्या मराठी अंमलातील काही आमच्या त्या दिवसाच्या वाटेवर लागले नाही. लागल्या त्या दोन परक्या घरच्या लेकींच्या आठवणी. हुकूम चालविणाऱ्याला मुलूख सांभाळता येतो. गाव मात्र त्याचे होते, जो तेथे काही ठेवून जातो.

आपल्यापैकी अनेकांना हे आधीच उमगलेले आहे. एरवी परमुलखातील गावोगावी मराठी मंडळे, वाचनालये आणि गणेशोत्सव कोणी उभे केले असते? विकलेल्या घरातून आमच्या वाट्याला आजोबांच्या पोथ्या-पुस्तकांच्या दोन ट्रंका आल्या आहेत. निवृत्तीनंतर पुण्याकडे बिऱ्हाड हलवू तेव्हा त्या बरोबर न्याव्यात, असा बेत होता. आता त्यांची यादी करावयास घेतली आहे. चिरंजीव नावे वाचतात, कन्या उतरवून घेते. यादी पुरी झाली की दोन्ही ट्रंका येथल्या मराठी वाचनालयात जातील.