हजर आहे, पण ठीक आहे का?

दहावीच्या निकालाच्या दिवशी लाखो मुले एकाच वेळी एकच संकेतस्थळ उघडतात. एकट्या सर्व्हरला ते झेपत नाही. म्हणून तेच काम करणारे अनेक सर्व्हर ठेवतात आणि त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर बसवतात. आलेल्याला कोणाकडे पाठवायचे, हे तो ठरवतो. हे शिकताना मला आमच्या हाउसचे ड्यूटी रोस्टर आठवले, कारण यंदा सहावीच्या मुलांचे रोस्टर मी करतो.

सोपी पद्धत म्हणजे राउंड रॉबिन. पहिले काम पहिल्याला, दुसरे दुसऱ्याला आणि शेवट आला की पुन्हा पहिल्यापासून. पण सगळी कामे सारखी नसतात. कोणी लगेच मोकळा होतो, कोणी अडकून पडतो. म्हणून दुसऱ्या पद्धतीत ज्याच्या हाती सर्वांत कमी कामे, त्याला पुढचे देतात.

मला सर्वांत आवडला तो हेल्थ चेक. एचएप्रॉक्सी नावाचा मोफत लोड बॅलन्सर आहे. त्यात तपासणी चालू केली आणि वेगळे काही सांगितले नाही, तर तो दर २ सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरला हाक मारतो. सलग ३ वेळा उत्तर आले नाही तर काम देणे थांबवतो. सलग २ वेळा आले की पुन्हा रांगेत घेतो. शिक्षा नाही, शेरा नाही.

पण यात एक खोच आहे. साध्या तपासणीत फक्त जोडणी होते की नाही, एवढेच पाहतात. आतला डेटाबेस बंद पडला तरी सर्व्हर ‘हजर’ म्हणतो. तो प्रत्येकाला झटपट परत पाठवतो, त्यामुळे मोकळा दिसतो आणि त्यालाच जास्त काम मिळते! म्हणून जाणकार एखादे खरे पान मागवून पाहतात.

हॉस्टेलमध्ये आम्हीही असेच ‘हजर’ म्हणतो. “ठीक आहेस ना?” विचारले की अंगात ताप असला तरी “येस सर!” सहावीतला एक मुलगा फॉल-इनला रोज वेळेवर यायचा, बूटही चकचकीत. पण मेसमध्ये त्याची पोळी ताटात तशीच राहायची. इथे दिवसभर हिंदी आणि इंग्रजी. मी शेजारी बसून मराठीत विचारले, “आज काय काय खाल्लेस?” तेव्हा कुठे तो बोलला. घर सोडून तो पहिल्यांदाच इतका लांब आला होता.

त्या आठवड्यात त्याची कामे आम्ही दोघांनी वाटून घेतली. पुढच्या सोमवारी त्याने स्वतःच विचारले, “सर, माझी ड्यूटी कोणती?”