रंगाखालचा दगड

लातूरहून अंबाजोगाईच्या रस्त्याला लागलं की रेणापूर येतं. रेणुकामातेचं गाव. इथल्या देवळाच्या दीपमाळेला सारा मुलूख ‘हलती दीपमाळ’ म्हणून ओळखतो. पाहुणा दर्शन घेऊन आला की घरचं कुणीतरी त्याला तिच्याकडे नेतं. “हालतीय का न्हाई बगा,” म्हणतं. ती हलते, पाहुणा नवल करतो आणि चपला घालायला वळतो. एवढा दगडाचा भार हलता ठेवणं हे घडवणाऱ्याचं मोठंच कसब. पण त्या नवलापायी दीपमाळ पाहायची राहून जाते, ही माझी जुनी खंत आहे.

दीपमाळ तळाशी रुंद असते आणि वर जाताना निमुळती होत जाते. किती निमुळती करायची, कुठे थांबायचं, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. दिव्यांच्या जागा एकीवर एक किती अंतरानं याव्यात, हेही. दिवे वाऱ्यापासून जपायचे एवढंच काम असतं तर एखादी भिंत आणि तिच्यातले कोनाडे पुरले असते. पण अंधार पडल्यावर दगड दिसेनासा व्हावा आणि नुसता उजेड आभाळाकडे चढत गेलेला दिसावा, असं ज्याच्या मनात आलं, त्यानं डोळ्यांसाठी काही ठरवलं. माझ्या लेखी दृश्यकला तिथे सुरू होते. माणसानं डोळ्यांसाठी घेतलेला निर्णय, आणि गरज भागल्यावरही त्या वस्तूत शिल्लक राहिलेला निर्णय.

व्याख्या म्हणून हे वाक्य ढोबळ आहे आणि पुढे त्याची परीक्षा घ्यायचीच आहे. पण त्याचा एक फायदा लगेच पदरात पडतो. चौकट, सही, प्रदर्शन, विकत घेणारं गिऱ्हाईक, यांतलं काहीही नसताना एखाद्या वस्तूला कला म्हणायची मुभा मिळते.

ही मुभा आपण गमावली होती. कला निराळी आणि कारागिरी निराळी, ही विभागणी आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधीतरी रुजली, हेच विसरायला होतं. मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. पुढे १८९१ मध्ये त्याच आवारात हस्तव्यवसायांसाठी रे आर्ट वर्कशॉप निघालं. चित्रकला, शिल्पकला एका दालनात, धातूकाम, लाकूडकाम दुसऱ्या दालनात. शिकवण्याची सोय म्हणून ते ठीकच होतं. पण शिकणाऱ्यांच्या पिढ्या बाहेर पडल्या तेव्हा दालनांमधली भिंतही त्यांच्या डोक्यात बरोबर गेली. मग गावचा पाथरवट कारागीर ठरला, आणि त्याच दगडाचं चित्र कागदावर काढणारा कलावंत.

आमच्या भागातल्या मुलांची चित्रकलेशी रीतसर ओळख होते ती शाळेत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांतून. या परीक्षांकडे लोक आता दहावीच्या वाढीव गुणांसाठी पाहतात. मला मात्र त्यांच्या पेपरांची नावं फार मोलाची वाटतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती. समोर आहे ते काढ. समोर नाही पण मनात साठलं आहे ते काढ. कुठेच नाही ते रचून काढ. आणि मोजून, आखून काढ. डोळा, आठवण, कल्पना आणि माप. दृश्यकलेची प्राथमिक ओळख करून देणारं एखादं जाडजूड पुस्तक वाचलं तरी याहून वेगळ्या पायावर ते उभं असेल असं मला वाटत नाही.

यातला वस्तुचित्राचा धडा सगळ्यांत कठीण. टेबलावर तांब्या ठेवलेला असतो. त्याचं तोंड गोल आहे हे मुलाला पक्कं माहीत असतं, रोज त्यानंच तर पाणी पितो. बाकावरून मात्र ते लंबगोल दिसतं. मुलाचा हात माहितीच्या बाजूनं ओढ घेतो आणि कागदावर तांब्याचं तोंड पूर्ण गोल उमटतं, जणू तो आपल्याकडे कलला आहे. तिथे चांगले चित्रकलेचे सर खोडरबर हातात घेत नाहीत. एक डोळा मिटायला लावतात, पेन्सिल आडवी धरायला लावतात आणि विचारतात, ‘आता काय दिसतंय?’ माहीत असलेलं बाजूला ठेवून दिसणारं स्वीकारायचं, हे त्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलेलं असतं. तो क्षण गुणपत्रिकेत येत नाही. मी तो इंटरमिजिएटच्या ‘ए’ ग्रेडपेक्षा मोठा मानतो.

रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश ही दृश्यकलेची मुळाक्षरं. ती पाठ करून कुणी पाहायला शिकत नाही, पण ती ठाऊक असली की पाहताना कुठे थांबायचं ते कळतं. आपल्या परंपरेनं याचा विचार फार बारकाईनं केलेला आहे. कामसूत्रावर यशोधरानं जी ‘जयमंगला’ टीका लिहिली तिच्यात चित्राची सहा अंगं सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. हुबेहूब दिसणं, म्हणजे सादृश्य, हे सहांतलं एक अंग आहे, आणि तेही पाचव्या जागी. ‘अगदी फोटोसारखं काढलंय’ ही आज चित्राला मिळणारी सर्वांत मोठी शाबासकी आहे. त्या शाबासकीत उरलेली पाच अंगं वाहून जातात.

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातलं चित्रसूत्र आणखी पुढे जातं. वज्र राजाला मूर्ती घडवण्याचं शास्त्र हवं असतं. मार्कंडेय त्याला सांगतो की त्यासाठी आधी चित्र समजायला हवं, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, आणि वाद्यासाठी गीत. दगडाकडे जायची वाट गाण्यापासून निघते, हे वाचलं की मूर्तीची कमनीय कंबर आणि उचललेला पाय यांच्यामागचा ताल एकदम दिसू लागतो. याच ग्रंथात पाहणाऱ्यांचीही प्रतवारी आहे. जाणते आचार्य रेषेला दाद देतात, कुणी छायाप्रकाशाला, कुणी अलंकरणाला, आणि इतर लोक रंगाच्या समृद्धीला. मला यात सामान्यांचा उपमर्द दिसत नाही. रंग सगळ्यांत आधी भेटतो आणि रेषा सगळ्यांत उशिरा, हा डोळ्याचा अनुभवच आहे. माझं पुढचं सगळं दुखणं मात्र या एका गोष्टीत आहे.

त्याआधी ती ढोबळ व्याख्या तपासून घेऊ. तिला सर्वांत कठीण प्रश्न घालतात ते आमच्या येळवशीचे पांडव. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे येळवशीला, लातूर, धाराशिव भागात माणसं शेतात जातात. शहरातले रस्ते त्या दिवशी ओस पडतात. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, तिच्यात पाच दगड मांडतात, त्यांना चुना देतात, वर कुंकवाचे ठिपके. पूजा होते, आंबील आणि भज्जीचा निवद दाखवतात, रानाला चर शिंपतात. छिन्नी कुठेच लागलेली नसते. दगड बांधावरचे, असतील तसे. मग त्यात कला कुठली?

पॅरिसहून न्यूयॉर्कला गेलेल्या मार्सेल द्युशाँनं १९१७ मध्ये चिनीमातीचं एक तयार मूत्रपात्र आडवं करून, त्यावर खोटं नाव घालून, प्रदर्शनाला पाठवलं. ते मांडलं गेलं नाही, पण जगभरच्या कलाविचाराला त्यानं हलवून सोडलं. वस्तू घडवलीच पाहिजे का, नुसती निवडून चालणार नाही का, असा तो प्रश्न होता. निवड हाही निर्णयच, हे मला मान्य आहे. आमचा शेतकरीही दगड निवडतो. साधारण एका उंचीचे पाहतो, ओळीत लावतो, पांढरे करतो. काळ्या रानात, हिरव्या ज्वारीच्या कडेला, पिवळट कडब्याच्या सावलीत ते पाच पांढरे ठिपके लांबून डोळ्यांत भरतात. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वं मांडली. त्या कोपीत ती तिन्ही हजर असतात. तरी द्युशाँ आणि आमचा माणूस यांच्यात मोठं अंतर आहे. द्युशाँला कलेविषयी विचारायचं होतं. आमच्या माणसाला पीक सुखरूप घरी यायला हवं असतं, आणि तो त्यांना दगड म्हणतच नाही, पांडव म्हणतो.

या पेचात मला रा. भा. पाटणकरांचा आधार वाटतो. ‘सौंदर्यमीमांसा’ हा त्यांचा ग्रंथ १९७४ चा. कलेच्या संकल्पनेला एकच गाभा नाही, ती दोन ध्रुवांमध्ये ताणलेली आहे, असं त्यांनी दाखवलं. एका टोकाला कला जगण्यापासून सुटी, स्वायत्त, आपल्यापुरती पूर्ण. दुसऱ्या टोकाला तीच कला जगण्यात, श्रद्धेत, माणसांच्या व्यवहारात मुरलेली. एका ध्रुवावर उभं राहून दुसरा खोटा ठरवता येत नाही. येळवशीचे पांडव दुसऱ्या ध्रुवाच्या अगदी जवळचे. ते उचलून संग्रहालयाच्या काचेत ठेवले तर पाच दगडच राहतील. त्यांच्यात कला आहे, पण ती रान, कोप, अमावास्या आणि माणसं यांच्यासकट आहे. म्हणून माझ्या व्याख्येला मी एवढी पुस्ती जोडतो की डोळ्यांसाठी घेतलेला निर्णय कुठे घेतला आणि कुणासाठी घेतला, हेही पाहिल्याशिवाय तो समजत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. मराठवाड्यात गावोगाव जुनी दगडी देवळं आहेत, आणि गावोगाव त्यांचा ‘जीर्णोद्धार’ चालू आहे. वर्गणी गोळा होते, माणसं मनापासून राबतात, आणि शेवटी कोरीव दगडावर ऑइलपेंट फिरतो. खांब गुलाबी, द्वारशाखा पिवळी, मूर्तीच्या भुवया काळ्या. छिन्नीनं केसाएवढी खोल नेलेली रेघ रंगाच्या थराखाली बुजते. दगडाचा पोत जातो. सकाळी तिरपं ऊन पडल्यावर जी सावली गालाला गोलाई देत होती ती चकचकीत पृष्ठभागावर टिकत नाही, नुसती तिरीप उठते. हे करणारी माणसं दुष्ट नाहीत, आळशीही नाहीत. देवाला नवं वस्त्र नेसवावं तसा त्यांनी तो रंग दिलेला असतो. त्यांना रंग दिसतो. रेषा कुणी दाखवलेलीच नसते.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. माहूरच्या रेणुकेचा तांदळा शेंदरानंच रूपाला आलेला आहे, मग तो रंग चालतो आणि हा का नाही? शिवाय जुनी लेणी, देवळं एकेकाळी रंगवलेलीच होती. वेरूळच्या कैलासाला रंगमहाल म्हणतात आणि तिथे गिलाव्याचे, चित्रांचे अवशेष आजही आहेत. पहिल्याला माझं उत्तर असं की तांदळ्यात शेंदूर हाच रूप घडवतो. तो काढला तर देवीचा चेहरा जातो. द्वारशाखेवर रूप आधीच दगडात आहे आणि ऑइलपेंट ते झाकतो. दुसऱ्याचं उत्तर असं की कैलासावर रंग चढवणाऱ्याला खालची रेषा कळत होती. पातळ गिलावा आणि मातीचे रंग वापरून तो तीच रेषा पुढे नेत होता. बाजारातल्या डब्यातला रंग रेषेला विचारत नाही.

निलंग्याचं नीलकंठेश्वराचं देऊळ पाहिलं तर मी काय म्हणतो ते कुणालाही पटेल. तारकाकृती आराखड्यामुळे त्याच्या भिंती कोनाकोनांनी पुढे येतात, मागे जातात, आणि ऊन त्यांच्यावरून सरकतं तसं देऊळ दिवसभर बदलत राहतं. भिंतीवरच्या सुरसुंदरींपैकी एकीसमोर दहा मिनिटं उभं राहावं. आधी दागिने दिसतात. मग देहाचा बाक. त्यानंतर ती सबंध एका रेषेत तोललेली आहे हे ध्यानात येतं, आणि मार्कंडेयानं वज्राला गाण्यापासून का सुरुवात करायला सांगितली, तेही. आत हरगौरीपुढे माणसं हात जोडतात, ते योग्यच. हात जोडून झाल्यावर डोळे उघडे ठेवावेत, एवढंच माझं मागणं.

म्हणून कलेची व्याख्या हा मला पंडितांपुरता विषय वाटत नाही. एखादी वस्तू कला आहे हे गावाला वेळेवर कळलं नाही, तर ती गावाच्याच हातून, भक्तीनं, झाकली जाते. शाळांना विनंती की सहल निलंग्याला, खरोशाच्या लेण्यांना, होट्टलला नेली तर मुलांच्या हातात कागद-पेन्सिल द्या आणि अर्धा तास एका जागी बसवा. देवस्थानच्या मंडळींना विनंती की रंगाचा डबा उघडण्याआधी राज्याच्या पुरातत्त्व विभागाला एक पत्र लिहा. आणि रंग आधीच लागला असेल तर तो ॲसिडनं धुवायला किंवा वाळूचा फवारा मारून काढायला जाऊ नका. त्यानं रंगाबरोबर कोरीव दगडाचा वरचा थरही निघून जातो, आणि तो पुन्हा बसवता येत नाही.