चार मागे, एक पुढे

यंत्रांशी माझे वैर जुने आहे. सायकलची चेन पडली तरी मी शेजारच्या मुलाला हाक मारतो. असा मी मराठीचा प्राध्यापक गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत कॅलिफोर्नियाला दादाकडे गेलो आणि पहिल्याच रविवारी एका मोटारीखाली उताणा झालो, हे कळले तर माझा वर्ग हसेल. हसू द्यावा.

मोटार होती १९६५ सालची फोक्सवॅगन बीटल. इंजिन मागे, आणि तेही वाऱ्याने थंड होणारे. पाण्याची टाकी नाही, नळ्यांचे जंजाळ नाही. तिचा गिअरबॉक्स कामातून गेला होता. दादाने त्याच कंपनीच्या १९६६ सालच्या बसचा गिअरबॉक्स कुठूनसा स्वस्तात मिळवला. ‘‘कारखाना एक, घराणं एक. न बसायला काय झालं?’’ तो म्हणाला.

आणि खरोखरच तो बसला! इंजिन उतरवले, जुन्या गिअरबॉक्सचे दोन्ही अ‍ॅक्सल सोडवून नव्याला जोडले. तिसऱ्या रविवारी वहिनींनी नारळ फोडला. दादा ऐटीत आत बसला, नजर समोर ठेवून त्याने पहिला गिअर टाकला आणि मोटार मागे सरकून तुळशीच्या कुंडीवर आदळली! दुसरा टाकला, तीच गत. रिव्हर्स टाकला तेव्हा मात्र ती शहाण्यासारखी पुढे आली. चार गिअर मागे जायचे, पुढे जायचा एकच!

बिघाड कोठेच नव्हता. १९५० साली ही बस निघाली तेव्हा तिचे इंजिन अवघ्या २५ अश्वशक्तीचे, आणि अंग जड. म्हणून १९६७ पर्यंत तिच्या मागच्या प्रत्येक चाकाजवळ दातेरी चक्रांची एक लहान पेटी असे. तिने वेग कमी होई नि जोर वाढे. पण दोन चक्रांचे दात एकमेकांत अडकले की दुसरे चक्र पहिल्याच्या उलट फिरते. चाकाशी ही उलटापालट होणार, म्हणून गिअरबॉक्समधले मोठे चक्र मुळातच दुसऱ्या बाजूला बसवलेले असे. आम्ही गिअरबॉक्स आणला. चाकांजवळच्या पेट्या आणल्याच नाहीत.

दादा हे समजावून सांगत होता आणि मला माझा मुलगा आठवत होता.

गेल्या वर्षी त्याला परीक्षेत कमी गुण पडले. मी रागावलो नाही. माझे वडील करीत तेच केले: गुणपत्रिका टेबलावर ठेवली आणि दोन दिवस बोललो नाही. माझ्या वेळी त्या अबोल्याने मी रात्र रात्र जागून अभ्यास केला होता. माझा मुलगा मात्र मिटत गेला. पुढे तो वसतिगृहात राहायला गेला, आणि फोनवर ‘हो’, ‘नाही’, ‘ठीक’ यापलीकडे शब्द उरला नाही. घराणे एक, उपाय एक. मग असे का व्हावे?

त्या रात्री अंथरुणात आजी आठवली. वडिलांच्या अबोल्याच्या दुसऱ्या रात्री ती माझ्या उशाशी येऊन बसे. डोक्यावरून हात फिरवीत हळूच म्हणे, ‘‘अरे, तुझा बाप कालपासून धड जेवला नाही रे.’’ एवढ्या एका वाक्याने वडिलांचा राग माझ्यापर्यंत माया होऊन पोचे. मी वडिलांचा अबोला तेवढा उचलला. माझ्या घरी आजी नाही, आणि तिचे काम मला करता आले असते हे मला सुचलेही नाही. त्या दोन दिवसांत मीही धड जेवलो नव्हतो. हे त्याला कोणी सांगितले?

पुण्यात तेव्हा सकाळ झाली होती. मी फोन लावला आणि मोटारीची गोष्ट सांगितली. तुळशीच्या कुंडीपाशी तो हसला. किती महिन्यांनी! मग मी आजीची गोष्ट सांगितली. ती ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला.

‘‘आता काय करणार?’’ त्याने विचारले.

‘‘पुन्हा उघडायचा. आतलं चक्र काढून पलीकडच्या बाजूला बसवायचं. पातळ चकत्या घालून दात नीट जुळवावे लागतात. वेळ लागेल.’’

‘‘बाबा, तुम्हाला जमेल?’’

तो मोटारीविषयीच विचारीत होता की नाही, कोण जाणे. मी म्हणालो, ‘‘शिकतो आहे.’’