नौकेला माहेर नसते

संसाराला ‘नौका’ म्हणणे आपल्याकडे इतके रुळले आहे, की तिच्याखालचे पाणी कुणाला दिसतच नाही. मला ते दिसले रोमान पोलान्स्कीच्या १९६२च्या ‘नाइफ इन द वॉटर’ या पोलिश चित्रपटात. शिडाची होडी, आतून विटलेले नवराबायको आणि वाटेत भेटलेला तरुण. माणसे तीनच! घरात भांडलात तर शेजार असतो, माहेर असते. होडीत रुसायलाही कोपरा नाही. तरुण पाण्यात पडतो. नवऱ्याला वाटते, बुडाला. बायको शेवटी सांगते, तो जिवंत आहे. पण तिच्यावर विश्वास ठेवावा, तर तिची प्रतारणाही मानावी लागते. न ठेवावा, तर आपण खुनी! मोटार रस्त्याच्या फाट्यावर उभीच राहते. किनारा लागला म्हणजे माणूस तरला, असे थोडेच आहे?